ई. कोलायच्या पेशीतलं गणित: आकडे हलले तरी वागणूक का हलत नाही?

ऋणप्रभार | शनिवार, रात्री १०:१२

प्रतिजैविकांच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की जीवाणूच्या आत सिग्नल जातो म्हणजे नक्की काय जातं, आणि त्यात गणितवाल्यांचं काय काम. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. उदाहरण एकच घेतो, ई. कोलायचं केमोटॅक्सिस, म्हणजे अन्न जिकडे जास्त तिकडे सरकणं. एवढा पूर्ण उलगडलेला सिग्नल दुसऱ्या कुठल्या पेशीत क्वचितच सापडेल, आणि माझा हा सगळ्यात आवडता विषय आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

ई. कोलाय साधारण दोन मायक्रॉन लांब, एक मायक्रॉन जाड. अंगावर चार-पाच शेपट्या (फ्लॅजेला), प्रत्येकीच्या बुडाशी फिरणारी मोटर. मोटरी घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरल्या की शेपट्यांची एक जुडी होते आणि जीवाणू सरळ पोहतो, सेकंदाला वीस-तीस मायक्रॉन. एखाद-दुसरी मोटर सुलट फिरली की जुडी सुटते, जीवाणू जागच्या जागी गडबडतो आणि भलत्याच दिशेला तोंड करून परत निघतो. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी १९७२ साली एकेका जीवाणूचा पाठलाग करणारा मायक्रोस्कोप बनवून हे मोजलं. सरळ धाव सरासरी एक सेकंदाची, गडबड एक दशांश सेकंदाची. अन्नाच्या दिशेने चाललेली धाव लांबते, उलट दिशेची जवळपास आहे तेवढीच राहते. बस, एवढ्यावर तो अन्नापर्यंत पोचतो. दिशा त्याला निवडता येतच नाही, फक्त धाव कधी तोडायची ते ठरवता येतं.

आता हे ठरवायला 'आत्ता बरं आहे की मघाशी बरं होतं' हे कळायला हवं. त्याच वर्षी मॅकनॅब आणि कोशलँड यांनी जीवाणूंना अचानक जास्त सेरिन (त्यांना आवडणारं एक अमिनो आम्ल) असलेल्या द्रवात मिसळलं. सगळीकडे सारखंच सेरिन, ग्रेडियंट (इकडून तिकडे कमीजास्त असणं) नाहीच, तरी सगळे जीवाणू काही काळ न गडबडता सरळ पोहत राहिले. म्हणजे तुलना जागेची नाही, काळाची आहे. १९८६ मध्ये सीगल, ब्लॉक आणि बर्ग यांनी दाखवलं की गेल्या एका सेकंदातला अनुभव त्याआधीच्या तीनेक सेकंदांशी ताडून पाहिला जातो.

आतली यंत्रणा थोडक्यात. पेशीच्या टोकाला रिसेप्टरांचा (बाहेरचे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनांचा) दाट पुंजका, हजारो रिसेप्टर. त्यांना चिकटलेलं चे-ए नावाचं एन्झाइम स्वतःवर फॉस्फेट चढवतं आणि ते चे-वायला देतं. फॉस्फेटवालं चे-वाय तरंगत मोटरपर्यंत जातं आणि तिला सुलट फिरायला लावतं, म्हणजे गडबड. चे-झेड ते फॉस्फेट काढत राहतं. अन्नाचा रेणू रिसेप्टरला लागला की चे-ए थंडावतं, फॉस्फेटवालं चे-वाय कमी होतं, धाव लांबते. हे सगळं सेकंदाच्या काही दशांशात.

पण मग अन्न भरपूर असलेल्या जागी जीवाणू कायमच सरळ पळत बसेल ना? बसत नाही. चे-आर नावाचं एन्झाइम रिसेप्टरवर मिथाइल गट चढवतं, चे-बी ते उतरवतं. मिथाइल वाढलं की चे-ए परत जागं होतं. थोड्या वेळात गडबडण्याचा वेग पूर्वीच्या पातळीवर येतो, आणि ॲस्पार्टेटच्या (सेरिनसारखंच आणखी एक अमिनो आम्ल) बाबतीत अगदी बरोब्बर त्याच पातळीवर येतो. ॲस्पार्टेट शंभर पट वाढवा, हजार पट वाढवा, थोडा वेळ गेला की मूळ पातळी.

हे बरोब्बर कसं जमतं हा मॉडेलवाल्यांचा प्रश्न होता. सुरुवातीच्या मॉडेलांत समीकरणं होती, स्थिरांक होते, आणि स्थिरांक नेमके जुळवले तरच पातळी परत यायची. एखादा आकडा हलवला की गेलं. खऱ्या पेशीत असं चालणार कसं? एका पेशीत एखादं प्रथिन शेजारणीच्या दुप्पट असतं आणि तरी दोघी नीट वागतात. १९९७ साली नामा बरकाई आणि स्टॅनिस्लास लायब्लर यांनी याला फार सुंदर उत्तर दिलं. त्यांनी धरलं की चे-बी फक्त जाग्या (म्हणजे ज्याचं चे-ए चालू आहे अशा) रिसेप्टरवरचंच मिथाइल काढतं आणि चे-आर आपल्या ठरलेल्या वेगाने चढवत राहतं. एवढं एकच गृहीतक. मग मिथाइलची चढ-उतर समान होण्यासाठी चे-एची ॲक्टिव्हिटी एका ठरावीक किमतीवर यावीच लागते, आणि त्या किमतीत बाहेरच्या ॲस्पार्टेटचं नावच येत नाही. स्थिरांक कितीही हलवा, परत येणं बरोब्बरच राहतं.

दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, उरी अलॉन, सुरेट, बरकाई आणि लायब्लर यांनी चे-आरचं प्रमाण पन्नास पटींपर्यंत बदलून पाहिलं. गडबडण्याची मूळ पातळी बदलली, जुळवून घ्यायला लागणारा वेळही बदलला, पण परत येण्याची अचूकता हलली नाही. मॉडेल आधी आणि प्रयोग मागून, आणि मॉडेलने 'काय बदलेल आणि काय बदलणार नाही' हे वेगवेगळं सांगितलेलं. माझ्या मते मॉडेलचं खरं काम हेच. वक्र डेटावर बसवून दाखवणं तुलनेने सोपं असतं.

वासंतिक | शनिवार, रात्री १०:४०

वाचतेय. तो काळाची तुलना वाला प्रयोग भारी आहे. पण समोरच्या टोकाला किती अन्न आणि मागच्या टोकाला किती अशी थेट तुलना का नाही करत?

ऋणप्रभार | शनिवार, रात्री ११:०५

@वासंतिक, दोन मायक्रॉनच्या अंतरात फरक फारच थोडा असतो, आणि रेणू एकेक करून येऊन आदळतात त्यामुळे मोजणीतच चढउतार खूप. बर्ग आणि पर्सेल यांनी १९७७ साली याचं गणित केलं, इतक्या छोट्या गोळ्याला बाहेरची तीव्रता जास्तीत जास्त किती अचूक कळू शकते याचं. (हे पर्सेल म्हणजे एनएमआरसाठी १९५२ चं नोबेल मिळालेले एडवर्ड पर्सेल.) पोहत एका सेकंदात तो वीस-तीस मायक्रॉन ओलांडतो, म्हणजे अंगाच्या दहापट लांबीवरची तुलना त्याला मिळते. पण फार वेळही थांबता येत नाही, कारण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी दहाएक सेकंदांत त्याची दिशाच पुसली जाते. म्हणून स्मरण काही सेकंदांचंच ठेवलेलं परवडतं.

केळशीकर | रविवार, सकाळी ८:३०

ऋणप्रभार, मी केमिकल प्लँटवर इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं. पण तुमचं मिथाइलचं वाचलं आणि लगेच आमचा कंट्रोलर आठवला. रिॲक्टरच्या जॅकेटला नुसती प्रपोर्शनल ॲक्शन (फरक जितका तितकीच दुरुस्ती) ठेवली तर लोड बदलला की तापमान सेट पॉइंटच्या (ठरवलेल्या तापमानाच्या) थोडं खाली किंवा वर अडकून बसतं, ऑफसेट राहतोच, गेन कितीही वाढवा, आणि फार वाढवला तर लूप हेलकावे खायला लागतो. आय ॲक्शन (इंटिग्रल, म्हणजे झालेल्या फरकाची बेरीज करत जाऊन दुरुस्ती) दिली की मग ऑफसेट शून्य होतो, आणि ट्यूनिंग थोडं इकडेतिकडे असलं तरी शून्यच होतो, फक्त वेळ कमीजास्त लागतो. तुम्ही १९९९ च्या प्रयोगाचं जे लिहिलंय तेच की हे, वेळ बदलला पण परत येणं बरोब्बर. मग मिथाइल म्हणजे इंटिग्रल टर्म का?

ऋणप्रभार | रविवार, सकाळी ९:१५

@केळशीकर, अहो तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत! २००० साली यी, हुआंग, सायमन आणि डॉयल यांनी हेच मांडलं, आणि त्यातले जॉन डॉयल कंट्रोल थिअरीचेच. बरकाई-लायब्लरच्या मॉडेलमध्ये इंटिग्रल फीडबॅक लपलेला आहे, आणि पातळी कुठल्याही परिस्थितीत बरोब्बर परत यायची असेल तर इंटिग्रल असावाच लागतो असं त्यांनी दाखवलं. ॲक्टिव्हिटी ठरलेल्या किमतीपासून जितकी दूर आणि जितका वेळ दूर, तितकं मिथाइल साठत जातं. म्हणजे फरकांची बेरीज रिसेप्टरच्या अंगावरच रासायनिक रूपात लिहिलेली असते. प्रत्येक रिसेप्टरवर मिथाइलसाठी चार जागा (सेरिनच्या रिसेप्टरवर पाच), आणि जीवाणूचं काही सेकंदांचं स्मरण म्हणतात ते याच जागांमध्ये असतं.

मृद्गंध | रविवार, दुपारी १:५०

छान लिहिलंय पण थोडं थंड पाणी ओततेय, राग मानू नका. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये आहे आणि मॉडेलवाल्यांशी नेहमी हाच वाद होतो. दहा-पंधरा स्थिरांक मोकळे ठेवले तर कुठलाही ग्राफ बसवता येतो. खऱ्या कल्चरमध्ये जुन्या फेजमधून उचललं तर पेशी नीट पोहतच नाहीत, मीडियम बदललं की प्रथिनांचं प्रमाण बदलतं, स्ट्रेन बदलली की अजून काही.

साधी स्वॉर्म प्लेट घ्या. ०.२५-०.३ टक्के अगार, ट्रिप्टोन, मध्ये एक ठिपका टोचायचा आणि तीस डिग्रीला ठेवायचं. काही तासांनी ठिपक्याभोवती कडी पसरायला लागतात, बाहेरचं कडं सेरिन खात पुढे सरकणाऱ्यांचं, त्याच्या आतलं ॲस्पार्टेटवाल्यांचं. प्लेट दिव्यासमोर तिरकी धरली की दोन्ही स्पष्ट दिसतात, बाहेरचं कडं एखाद्या केसाइतकं बारीक पण धारदार. आता नवीन मुलं काय करतात, म्युटंटचं कडं आलं नाही की लिहून टाकतात 'केमोटॅक्सिस गेलं'. पण कधीच न गडबडणारा म्युटंट द्रवात झकास पोहतो, आणि अगारमध्ये मात्र जाळीच्या आंधळ्या बोळात घुसून तिथेच अडकतो, कारण मागे फिरायला गडबडावं लागतं. वुल्फ आणि बर्ग यांनी १९८९ मध्येच हे दाखवलंय. तर प्लेटवरच्या कड्यावरून आतल्या फॉस्फेटचं समीकरण काढायचं म्हणजे मध्ये किती पायऱ्या गाळल्या जातात ते बघा. आकडे कुठून आले ते सांगितल्याशिवाय मॉडेल दाखवू नका एवढंच म्हणणं.

ऋणप्रभार | रविवार, दुपारी ३:३०

@मृद्गंध ताई, राग कसला, हे यायलाच हवं होतं. पन्नास मोकळे आकडे घेऊन बसवलेल्या वक्राला मीही फार किंमत देत नाही. पण म्हणूनच तर बरकाई-लायब्लर मला वेगळे वाटतात, त्यांचं म्हणणं एका आकड्यावर उभं नाहीये, जोडणीवर उभं आहे. आकडा चुकला तरी निष्कर्ष पडत नाही, पण जोडणी चुकली, म्हणजे समजा चे-बी झोपलेल्या रिसेप्टरवरचंही मिथाइल काढायला लागलं, तर निष्कर्ष लगेच पडतो. कुठे हरू शकतो ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय.

आणि पेशीच्या आतलं थेट मोजायची सोय नंतर झाली. २००० मध्ये क्लुझेल, सुरेट आणि लायब्लर यांनी एकेका पेशीत फॉस्फेटवालं चे-वाय किती आणि तिची मोटर किती वेळ सुलट फिरते हे जोडीने मोजलं. मोटर भयंकर संवेदनशील निघाली, हिल गुणांक (प्रतिसाद किती झटक्यात पलटतो त्याचा आकडा) दहाच्या आसपास, सगळा खेळ तीन मायक्रोमोलरच्या आजूबाजूच्या चिंचोळ्या पट्ट्यात. २००२ मध्ये सोर्जिक आणि बर्ग यांनी फ्रेट वापरून, म्हणजे चे-वाय आणि चे-झेड यांना चमकणारी प्रथिनं जोडून ती जवळ आली की कळेल असं करून, ॲक्टिव्हिटी थेट बघितली. रिसेप्टरांच्या जेमतेम एखाद्या टक्क्यावर जास्तीचं ॲस्पार्टेट बसलं की ॲक्टिव्हिटी त्याच्या पस्तीस पट टक्क्यांनी घसरते. एकेकटा रिसेप्टर एवढं करूच शकत नाही, ते टोळीने वागतात हे तिथून पक्कं होत गेलं.

सुरपाखरू | रविवार, रात्री ९:२०

दादा मी एमएस्सीला आहे आणि मला हे करून बघायचंय पण आमच्याकडे कोणी मॉडेलिंग शिकवत नाही. डिफरन्शियल इक्वेशन विसरल्यासारखीच आहेत. एक्सेलमध्ये होईल का काही? अगदी छोटं चालेल.

ऋणप्रभार | रविवार, रात्री ११:००

@सुरपाखरू, एक्सेल पुरे. तीन ओळींचं मॉडेल देतो, आकडे मिथाइल-ॲस्पार्टेटवरच्या (ॲस्पार्टेटसारखाच एक रेणू, रिसेप्टरवरच्या मिथाइलशी गल्लत नको) फ्रेट मोजण्यांना धरून आहेत, त्यामुळे मृद्गंध ताईंचाही मान राहील.

स म्हणजे बाहेरचं मिथाइल-ॲस्पार्टेट (मायक्रोमोलर), मि म्हणजे रिसेप्टरवरचं सरासरी मिथाइल (० ते ४), क म्हणजे ॲक्टिव्हिटी (० ते १), फ म्हणजे क काढण्यासाठीची मधली राशी, आर आणि बी म्हणजे चे-आर आणि चे-बी यांचे वेग.

फ = ६ × [ १.७ × (१ − मि) + नॅचरल लॉग( (१ + स/१८.२) ÷ (१ + स/३०००) ) ]

क = १ ÷ (१ + एक्स्प(फ))

सेकंदाला मि मधला बदल = आर × (१ − क) − बी × क

पहिल्या ओळीतले ६ म्हणजे टोळीचा आकार. १८.२ आणि ३००० म्हणजे झोपलेल्या आणि जाग्या रिसेप्टरला रेणू किती सहज चिकटतो ते. ही मांडणी मोनो, वायमन, शांझे यांनी १९६५ साली एन्झाइमांसाठी केलेली, नंतर रिसेप्टरांना लावली गेली. आर आणि बी दोन्ही ०.०१ घे. एक सेल म्हणजे अर्धा सेकंद, आधीच्या मि मध्ये बदलाचा अर्धा मिळवत खाली ओढत जा. सुरुवात स = ०, मि = १, मग क बरोब्बर ०.५ येईल. मग एका ओळीपासून स १०० कर आणि बघ.

सुरपाखरू | सोमवार, रात्री ८:४५

जमलं!!! स १०० केल्याबरोबर क एकदम शून्याला टेकला (०.००००१६), मग मि हळूहळू वर चढत गेला आणि सुमारे तीन मिनिटांत क परत ०.४९, मग ०.५. मि १ वरून २.०८ वर जाऊन थांबला.

मग मी डोकं लावलं आणि तिथून स २०० केला, क ०.०३ वर पडला. परत स्थिर होऊ दिलं आणि ४०० केला, परत ०.०३. दोन्ही वेळा जवळजवळ तेवढाच! पण १००० वर स्थिर करून ११०० केला तर क फक्त ०.४० पर्यंतच आला. वाढ तर १०० चीच होती. हे असं का?

ऋणप्रभार | सोमवार, रात्री ९:३०

शाब्बास, तू न सांगता पुढचा मुद्दा काढलास. मधल्या पट्ट्यात, म्हणजे १८ च्या बरंच वर आणि ३००० च्या बरंच खाली, तो लॉग साधारण स च्या लॉगसारखाच वागतो. त्यामुळे किती मायक्रोमोलर वाढलं याला महत्त्व उरत नाही, किती पट वाढलं ते दिसतं. १०० चे २०० आणि २०० चे ४०० दोन्ही दुप्पट. १००० चे ११०० फक्त १.१ पट. माणसाच्या इंद्रियांबद्दल वेबरचा नियम म्हणतात तो हाच. ई. कोलायमध्ये हे प्रत्यक्ष आहे का ते लाझोवा, स्टॉकर, शिमिझू आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फ्रेट लावून तपासलं. पार्श्वभूमी आणि इनपुट एकाच पटीत वाढवले तर प्रतिसादाची उंचीच काय, पूर्ण आकार तसाच राहतो असं त्यांना दिसलं, आणि तेही तीव्रतेच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात.

आता आर ०.०५ कर, बी तसाच ठेव. हा तुझा १९९९ चा प्रयोग.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:१०

मध्येच येतो. ही समीकरणं सगळी सलग प्रमाणांची आहेत, पण पेशीत रेणू मोजके असतात ना? दोनशे रेणू असताना ०.०००१ चा बदल म्हणजे काय? तिथे यदृच्छता यायला हवी.

ऋणप्रभार | सोमवार, रात्री ११:२०

@कृष्णाकाठ, खरंय, आणि कुठे यायला हवी ते प्रथिनागणिक ठरतं. चे-वाय एका पेशीत हजारोंच्या संख्येने, तिथे सरासरी चालून जाते. चे-आर मात्र दीडशेच्या आसपास. मिथाइल चढवणारे हात इतके कमी असल्यामुळे बाहेर काहीही न बदलता एकाच पेशीची ॲक्टिव्हिटी मिनिटामिनिटाला वरखाली होत राहते. कोरोब्कोव्हा, क्लुझेल वगैरेंनी २००४ मध्ये एकेक पेशी बराच वेळ बघून हे दाखवलं. स्पुडिच आणि कोशलँड यांनी तर १९७६ मध्येच लिहिलं होतं की एकच जीनोम आणि एकच मीडियम असूनही शेजारशेजारच्या पेशी वेगवेगळ्या वेळात जुळवून घेतात. अशा ठिकाणी गिलेस्पीची १९७७ ची पद्धत वापरतात, पुढची अभिक्रिया कोणती आणि कधी घडेल हे संभाव्यतेने काढत एकेक रेणू हलवायचा. एक्सेलमध्ये त्याच्या नादी लागू नका, पायथनमध्ये पंचवीस-तीस ओळीत होतं.

मृद्गंध | मंगळवार, सकाळी ७:३०

सुरपाखरूचं बघून बरं वाटलं, आमच्या मुलांनाही देणार हे तीन ओळींचं. पण एक सांगून ठेवते, ई. कोलाय म्हणजे सगळे जीवाणू नव्हेत. बॅसिलस सबटिलिसमध्ये अन्न लागलं की चे-ए थंड होत नाही, उलट जास्त जागं होतं, आणि तिथे फॉस्फेटवालं चे-वाय सरळ पोहायला लावतं. जुळवून घ्यायला मिथाइलखेरीज चे-सी, चे-डी आणि चे-व्ही पण आहेत.

ऋणप्रभार | मंगळवार, सकाळी ९:००

ताई, मला तर त्याच्यामुळेच हा विषय सोडवत नाही. राव, किर्बी आणि आर्किन यांनी २००४ मध्ये दोघांची मॉडेलं शेजारी ठेवली. प्रथिनं बहुतेक तीच, जोडणी वेगळी, आणि तरी बरोब्बर मूळ पातळीला परत येणं दोन्हीकडे. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या केमिकल इंजिनिअरिंगमध्येही ई. कोलायच्या पोहण्यावर प्रयोग आणि मॉडेल दोन्ही झालेत, कोणाला इथेच राहून करायचं असेल तर रस्ता आहे.

केळशीकर | मंगळवार, दुपारी १२:४०

आमच्याकडे इंटिग्रल टर्मची एक डोकेदुखी असते, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी कंट्रोलर आपली बेरीज करतच राहतो. वाइंडअप म्हणतो आम्ही. इथे मिथाइलच्या चारच जागा म्हणताय, मग त्या भरल्या की?

सुरपाखरू | मंगळवार, रात्री ९:०५

केळशीकर काका, मी तेच विचारायला आले होते! आर ०.०५ केल्यावर क ची स्थिर पातळी ०.५ ऐवजी ०.८३ झाली, आणि स १०० केल्यावर मिनिटभरातच परत ०.८३. म्हणजे पातळी बदलली, वेळ कमी झाला, पण परत येणं तसंच, अगदी धाग्यात लिहिलंय तसं. मग मी स ३०,००० करून पाहिला तर मि ४ च्या वर जायला लागला. चालेल का ते?

ऋणप्रभार | मंगळवार, रात्री ९:५०

नाही चालणार, जागाच चार आहेत. मि च्या सेलमध्ये ४ ची मर्यादा घाल. मग दिसेल की साडेनऊ हजार मायक्रोमोलरच्या आसपासपर्यंत क बरोब्बर ०.८३ वर येतो, आणि त्यापुढे मि चारवर अडकतो आणि क खालीच राहतो. ३०,००० ला तो ०.६३ वर थांबायला हवा.

@केळशीकर, बेरीज रिसेप्टरच्या अंगावरच असल्यामुळे जागा भरल्या की बेरीजही तिथेच थांबते, आत वेगळी वाढत बसत नाही. तुमच्याकडे अँटी-वाइंडअप मुद्दाम बसवावा लागतो, इथे तो जागांच्या संख्येनेच बसलेला आहे. स परत १०० वर आणला की क वर उसळतो आणि मि लगेच चारपासून उतरायला लागतो. सुरपाखरू, ते पण करून बघ, आणि ०.८३ ला यायला किती सेकंद लागले ते इथे टाक.

सुरपाखरू | मंगळवार, रात्री १०:३०

मर्यादा घातली, ३०,००० ला ०.६३ च आला! आता उतरतं करून बघते.